बघण्याचे पैसे

व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यावर फान रांग नावाचं शहर आहे. या मुलखाचं जुनं नाव ऐकलं की मराठी माणूस दचकतो : पांडुरंग. चाम लोकांच्या चंपा राज्याचा हा दक्षिणेकडचा भाग. जुन्या संस्कृत शिलालेखांत तो याच नावानं येतो, आणि १८३२ मध्ये व्हिएतनामच्या सम्राटानं तो खालसा करेपर्यंत ते नाव चालत होतं. ‘फान रांग’ हा त्याचाच झिजून उरलेला उच्चार. पंढरपूरशी नातं जोडायचा मोह होतो, पण त्याला पुरावा नाही, तेव्हा तो विषय तिथंच सोडते.

शहरापासून दहाएक किलोमीटरवर बाउ त्रुक हे चाम कुंभारांचं गाव आहे. खरं तर कुंभारणींचं, कारण मडकी घडवण्याचं काम इथं मुख्यतः बायका करतात आणि ते आईकडून लेकीकडे येतं. आपल्याकडे कितीतरी कुंभार घरांत चाकाला बाईनं हात लावायचा नाही असा दंडक होता. माती मळायची तिनं, मडकी सुकवायची, रंगवायची तिनं, चाक मात्र त्याचं. बाउ त्रुकमध्ये चाकच नाही. मातीचा गोळा एका जागी स्थिर ठेवतात आणि बाई त्याच्याभोवती फिरते.

मी ज्या मावशींसमोर बसले होते त्या साठीच्या पुढच्या असाव्यात. अनवाणी, कमरेत किंचित वाकलेल्या, उलट्या पावलांनी घड्याभोवती चालत होत्या. एक हात आत, एक बाहेर. बांबूची गोल कडी घेऊन माती खरवडत, मग बोटांना ओलं फडकं गुंडाळून काठ सारखा करत. त्यांच्या पावलांनी जमिनीवर एक गोल वाट पडली होती, कोलूच्या बैलाची पडते तशी. घडा कमरेएवढा झाला होता, फक्त गळ्याची कड वळवायची बाकी होती.

एवढ्यात अंगणात बस लागली. पस्तीस-चाळीस पर्यटक उतरले. मावशींनी घडा तसाच सोडला, नवा गोळा घेतला आणि प्रात्यक्षिक सुरू केलं. मागच्या लोकांना व्हिडिओ नीट मिळाला नाही म्हणून पुन्हा केलं. दोघातिघांना हात लावून बघायचा होता, त्यांना लावू दिला. अर्धा तास झाला. निघताना तीन वस्तू विकल्या गेल्या, त्यातली एक घासाघीस करून. बस गेली. मावशी आपल्या घड्याकडे परतल्या तेव्हा वाऱ्यानं काठ सुकून ताठ झाला होता. पाणी लावून पाहिलं, एका बाजूनं चीर गेली. त्या काही बोलल्या नाहीत. दोन्ही हातांनी घडा आत दाबला, मोडला आणि माती पुन्हा मळायला घेतली.

बसमधल्या कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. ते कौतुकानं बघत होते, टाळ्याही वाजवल्या. पण त्या बाईचं निम्म्या दिवसाचं काम गेलं आणि त्याची नोंद कुठल्याही हिशेबात नाही. टूरच्या खर्चात नाही, गाइडच्या वहीत नाही, विकलेल्या तीन वस्तूंच्या किमतीतही नाही.

माझं म्हणणं या अर्ध्या तासाबद्दल आहे. कारागिराच्या दारात जाऊन त्याचं काम बघणं ही त्याच्याकडून घेतलेली सेवा आहे. तिचे पैसे वस्तूच्या किमतीपासून वेगळे, आधी ठरवून आणि थेट त्याच्या हातात पडले पाहिजेत. आपण गटानं जातो म्हणून हे आपल्याला सहज शक्य आहे, आणि गटानं जातो म्हणूनच हे केलं नाही तर नुकसान मोठं होतं.

हे सगळं मी आपल्या लोकांना सांगते आहे, कारण आता आपण तिथं खरोखरच मोठ्या संख्येनं जातो. २०१९ मध्ये भारतातून व्हिएतनामला गेलेले पर्यटक पावणेदोन लाखांच्या आत होते. २०२४ मध्ये ते पाच लाखांवर गेले. मुंबईहून थेट विमानं झाली, २०२३ च्या ऑगस्टपासून नव्वद दिवसांचा ई-व्हिसा मिळू लागला, आणि युरोपच्या मानानं खर्च खिशाला झेपणारा. त्यात मराठी माणसाची टूर ही आपली स्वतंत्र संस्थाच आहे. ज्यांना इंग्रजी येत नाही, ज्यांनी आयुष्यात विमान पाहिलं नव्हतं, अशा हजारो आजी-आजोबांना याच टूरनी जग दाखवलं. सकाळी पोहे, रात्री वरणभात, आणि सतत कुणीतरी सोबत आहे हा धीर. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत. मला या पद्धतीबद्दल आदर आहे. माझा पहिला व्हिएतनाम प्रवास असाच झाला.

त्या प्रवासात कारागीर भेटले नाहीत असं नाही. ते भेटले थांब्यांवर. हनोईहून ‘हा लाँग’ उपसागराच्या वाटेवर बस एका मोठ्या दालनापाशी थांबली. दारात गेल्या गेल्या ओळीनं बसलेली मुलंमुली भरतकाम करत होती, काहींचे हात किंवा पाय अधू. १९६१ ते १९७१ या दहा वर्षांत अमेरिकेनं तिथल्या जंगलांवर एजंट ऑरेंजसारखी विषारी तणनाशकं फवारली, त्यांचे परिणाम पुढच्या पिढ्यांनी भोगले, हे गाइडनं सांगितलं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या ओळीच्या मागे होतं प्रचंड दुकान : रेशीम, लाखकाम, संगमरवर, दागिने, कॉफी, काजू. मी काउंटरवर विचारलं, ‘यातलं या मुलांनी केलेलं कोणतं?’ एका भिंतीकडे बोट गेलं. ‘त्यांना एका चित्राचे किती मिळतात?’ याला उत्तर मिळालं नाही. वीस मिनिटांनी बस हलली. आमच्यातल्या अनेकांनी त्या मुलांसाठी म्हणून भरपूर खरेदी केली होती, बहुतेक काजू आणि रेशमाची. त्यातलं किती त्या ओळीपर्यंत पोचलं, कुणाला ठाऊक.

असे थांबे कार्यक्रमात का असतात, हे समजून घ्यायला हवं. टूरची किंमत खाली ठेवायची स्पर्धा आहे. तिथली व्यवस्था बघणारा लोकल एजंट कमी दर देतो आणि तूट दुकानांच्या कमिशनमधून भरून काढतो. गाइडचा पगार तुटपुंजा, त्याचंही पोट त्याच कमिशनवर. म्हणजे स्वस्त टूरची उरलेली किंमत प्रवासी दुकानात भरतो आणि तो माल करणारा ती मजुरीत भरतो. यात कुणी एक खलनायक नाही. पण या रचनेत कारागीर असतो तो गिऱ्हाइकाला दारात थांबवून धरण्यासाठी.

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच बचत गटांच्या कर्जप्रकरणांत. लोणची, पापड, गोधड्या करणाऱ्या बायका किंमत काढायला बसल्या की डाळ, तेल, कापड, पिशवी, रिक्षा असं सगळं लिहायच्या. ‘आणि तुमचे हात?’ असं विचारलं की हसायच्या. घरचंच तर काम, त्याचे कसले पैसे? ही सवय मोडायला वर्षं गेली. म्हणून बाउ त्रुकच्या अंगणात मला नवीन काही दिसलं नाही. आपल्या वेळेची किंमत मागायची नसते असं जिला लहानपणापासून शिकवलं, ती बाई पर्यटकाकडे तरी ती कशी मागणार? ती विचारायची जबाबदारी येणाऱ्यावर येते.

उत्तर व्हिएतनाममध्ये सापा नावाचं डोंगरातलं गाव आहे, तिथं हेच वेगळ्या रूपात दिसतं. तुम्ही खाचरांतून चालायला निघालात की तिथल्या ह्मोंग जमातीच्या बायका सोबतीला लागतात. निसरड्या उतारावर हात धरतात, गवताचा घोडा करून देतात, कोणत्या पानापासून निळीचा रंग निघतो ते तळहातावर चोळून दाखवतात. दोन-तीन तासांनी गाव आलं की पाठीवरची टोपली उतरवतात : ‘आता माझ्याकडून काहीतरी घे.’ पर्यटक वैतागतो, मागे लागतात म्हणून तक्रार करतो. पण तिनं तीन तास वाटाड्याचं काम केलं, ते फुकट. त्याचा मोबदला मिळवायचा तिच्याकडे तेवढाच एक मार्ग आहे. ह्मोंग बायकांनी स्वतः सुरू केलेल्या ट्रेकिंगच्या संस्था आता सापात आहेत. तिथं चालण्याचे पैसे आधी ठरतात, आणि मग टोपली उघडली काय, न उघडली काय, दोघींच्या चेहऱ्यावर संकोच नसतो.

फेअर ट्रेड म्हणून जी चळवळ आहे तिनं वस्तूंच्या बाबतीत हा प्रश्न पुष्कळसा सोडवला आहे. जागतिक फेअर ट्रेड संघटनेची दहा तत्त्वं आहेत : दर दोघांनी बोलून ठरवायचा, बालमजुरी नाही, बाईला कमी मजुरी नाही, व्यवहार उघडा, वगैरे. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते आगाऊ रकमेचं कलम. हस्तकलेची ऑर्डर देताना कारागिरांनी मागितली तर निम्मी तरी रक्कम बिनव्याजी आधी द्यायची. ज्यानं कधी गरीब माणसाला कर्ज दिलंय त्याला या एका ओळीची किंमत कळेल. माल विकला जाईपर्यंत सूत, मेण, रंग कुठून आणायचे, हाच कारागिराचा रोजचा पेच असतो आणि सावकार शिरतो तो इथूनच.

व्हिएतनाममध्ये या वाटेनं चालणाऱ्या संस्था आहेत. हो ची मिन्ह शहरातली माई व्हिएतनामीज हँडिक्राफ्ट्स १९९० पासून, हनोईची क्राफ्ट लिंक १९९६ पासून. क्राफ्ट लिंकच्या दुकानात मी ह्मोंग बायकांनी विणलेला तागासारखा एक जाडसर पट्टा हातात घेतला. हे भांगेच्या झाडाच्या सालीचं कापड. झाड पेरायचं, कापून वाळवायचं, साल सोलायची, कुटायची. मग तिचे धागे टोकाला टोक पिळून जोडायचे; हे काम बायका बाजाराला जातानाही वाटेत करत असतात. पुढे चरखा, राखेच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळणं, माग. विणून झालं की कापड लाकडाच्या ओंडक्यावर घेऊन वर दगडी पाटा ठेवायचा आणि त्यावर उभं राहून डुलत डुलत ते गुळगुळीत करायचं. त्यानंतर तांब्याच्या टोकाच्या लेखणीनं मधमाशीच्या मेणाची नक्षी काढून निळीत बुडवायचं, एकदा नाही, कितीतरी वेळा. सापाच्या बाजारात याच नक्षीचं यंत्रावर छापलेलं पॉलिएस्टर दहाव्या हिश्शाला मिळतं, पुष्कळसं सीमेपलीकडून, चीनमधून आलेलं. आणि पर्यटक खऱ्या कापडापाशी उभा राहून म्हणतो, ‘तिकडे तर स्वस्त आहे.’

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण किती संतापलो होतो आठवतंय? रास्त संताप होता. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली चप्पल, पिढ्यान् पिढ्यांचं कसब, आणि श्रेय कुणाला! मग तोच न्याय आपण गिऱ्हाईक होऊन दुसऱ्याच्या दारात जातो तेव्हा कुठे जातो? छापील ह्मोंग नक्षीची पर्स ऐंशी रुपयांना पाडून घेताना आपणही छोटे प्राडाच असतो.

आता आक्षेप. ही सगळी वाक्यं मी आमच्याच गटातून ऐकली आहेत.

एक म्हणजे, पैसे देऊन बघायचं ठरलं की त्याचं नाटक होतं, आपुलकी जाते. मला हे पटत नाही. कीर्तनकाराला आपण बिदागी देतो, म्हणून कीर्तन खोटं होत नाही. उलट न देता पाठवलं तर आपल्यालाच लाज वाटते. नाटक तर आताही होतंच, बस आली की होतं. फक्त ते फुकट होतं आणि पाच मिनिटांत उरकावं लागतं. वेळेचे पैसे मिळाले तर मावशी घाईनं तोच तुकडा तीनदा करून दाखवणार नाहीत. आपला घडा पूर्ण करतील आणि आपण बसून बघू.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आयुष्यभर साठवून एकदा परदेशी जाणाऱ्याला आणखी खर्च का सांगायचा? पण चाळीस माणसांत वाटला तर एका कुंभारणीच्या सकाळचा मोबदला माणशी कॉफीच्या एका कपाएवढाही पडत नाही. महाग आहे ते कमिशनचे थांबे सोडणं, कारण ते सोडले की टूरची खरी किंमत समोर येते. ती आली तर बरंच. दोन थांबे कमी करा, दर थोडा वाढवा आणि जाहिरातीत तसं स्पष्ट लिहा. मराठी प्रवासी हिशेबी आहे, पण कशाचे पैसे घेतलेत हे सांगितलं तर देणारा आहे.

तिसरा आक्षेप जास्त खोल आहे. पर्यटकांच्या मागणीमुळे कलाच बदलते. बाउ त्रुकमध्ये पूर्वी पाण्याचे घडे, भाताची भांडी, चुली व्हायच्या. आता दिव्याची झाकणं आणि चाम देवळांच्या छोट्या प्रतिकृतीही होतात. युनेस्कोनं २०२२ मध्ये या कलेची नोंद तातडीनं जतन करायच्या यादीत केली. स्वयंपाकघरात स्टील आणि प्लास्टिक आलं, शहरं पसरली, मुलींना या कामात भविष्य दिसेना. हे सगळं खरं आहे. पण यावर पर्यटकांनी जाऊच नये हा उपाय शहरातल्या माणसाला सुचतो. चूल घ्यायला आता कुणी येत नाही, आणि दिव्याचं झाकण करायचं की नाही हे ठरवायचा अधिकार जिचे हात आहेत तिचा. मजुरी नीट मिळाली तर ती नकोशा कामाला नाही म्हणू शकते. उपाशी माणसाला परंपरा सांभाळायला सांगणं हा क्रूरपणा आहे.

फेअर ट्रेडचं लेबल असलेल्याच ठिकाणी जा, असंही मी म्हणणार नाही. ते प्रमाणपत्र संस्थेची पद्धत तपासून मिळतं, त्याला कागदपत्रं लागतात, पैसे लागतात. बाउ त्रुकच्या ज्या अंगणात मी बसले तिथं कुठलंही लेबल नव्हतं. लेबल असो नसो, त्यातल्या अटी आपण आपल्या व्यवहारात घालू शकतो. टूर कंपन्यांनी हे करारातच लिहावं : भेटीचा मोबदला किती, तो कुणाच्या हातात, रद्द झाली तर काय, एका वेळी किती माणसं. कारण चाळीस जण एका अंगणात मावत नाहीत. होई आनमध्ये अपंग कारागिरांच्या रीचिंग आउट या संस्थेचं चहाघर आहे. तिथं वाढणाऱ्या मुली ऐकू-बोलू शकत नाहीत. कागदावर खूण करून चहा मागवायचा, टेबलावर शब्द लिहिलेले लाकडी ठोकळे असतात, पाणी हवं तर तो ठोकळा उचलून दाखवायचा. आम्ही सहा-सहाच्या दोन पाळ्यांत गेलो. पलीकडच्या रस्त्यावर बाजाराचा कलकलाट, आणि आत आमच्यासारख्या बोलघेवड्या बायका तासभर हातवारे करत बसलेल्या. सगळे एकदम शिरलो असतो तर ती शांतता आम्हीच मोडली असती.

आपल्या आणखी एका सवयीबद्दल लिहायलाच हवं. व्हिएतनामला निघालं की व्हॉट्सअ‍ॅपवर शिवरायांची ती गोष्ट येते : तिथल्या नेत्यानं आपल्या समाधीवर शिवाजी महाराजांचा मावळा असं कोरायला सांगितलं होतं म्हणे. याला कसलाही आधार नाही. ‘मी सोन’ इथल्या चाम देवळांत शिवलिंग दिसलं की आपण भारावतो. ते मात्र खरं आहे. आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथं जीर्णोद्धाराचं मोठं काम केलं आणि २०२० मध्ये नवव्या शतकातलं एक अखंड शिवलिंग सापडलं. पण ती देवळं बांधणाऱ्यांचे वंशज आजही आहेत, व्हिएतनाममध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास चाम लोक आहेत. त्यांच्यापैकी कुणाशी न बोलता आपण लिंगाचे फोटो काढून परत येतो. दुसऱ्याच्या घरात जाऊन आपलीच तसबीर शोधत राहणं, याला भेट म्हणत नाहीत.

दुसऱ्या खेपेला आम्ही बाराजणी गेलो. होई आननंतर एक आजारी पडून परतली, अकरा उरलो. फान रांगला दोन मुक्काम ठेवले होते. हा भाग तेव्हा निन्ह थुआन प्रांतात होता, जुलै २०२५ पासून तो खान्ह होआत गेला आहे, पत्ता शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. त्या अंगणातली भेट महिनाभर आधी गावातल्या सहकारी संस्थेमार्फत ठरवली होती. एका सकाळचे पैसे बोलून ठरवले, निम्मे पुढे पाठवले. दर त्यांनी सांगितला, आम्ही कमी करा म्हटलं नाही. बसचा तो प्रसंग आमच्या पहिल्या दिवसाचा, संध्याकाळी सहज डोकावलो तेव्हाचा. घडा मोडलेला पाहून रात्री आम्ही कुणीच नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोचलो. मावशी आणि त्यांची सून आमच्या आधीच कामाला लागल्या होत्या. दुभाष्या मुलगी म्हणाली, तुमच्यातली एक परत गेल्याचं रात्री कळवलंत ते बरं केलंत. अंगणाच्या सावलीच्या कोपऱ्यात केळीच्या पानांवर, ओल्या फडक्याखाली झाकून, मळून तयार केलेले मातीचे अकरा गोळे मांडून ठेवले होते.